निळ्या खड्यांची पेटी

मी मासे ठेवायची एक जुनी काचेची पेटी आहे, मित्रांनो. आजकालच्या पेट्यांसारखी नुसत्या काचेची नाही. माझ्या कडांना लोखंडी चौकट आहे, तिच्यात जाड काचा बसवल्या आहेत आणि पाणी गळू नये म्हणून फटींमध्ये लांबीचा लगदा भरला आहे. मला धुळ्याच्या चिंधा मिस्तरीने बांधले. त्याचा खरा धंदा खिडक्यांची तावदाने बसवण्याचा. मासा त्याने फक्त बाजारात आणि ताटात पाहिला होता. मला पाण्याने भरून त्याने रात्रभर अंगणात ठेवले आणि सकाळी जमीन कोरडी पाहून तो स्वतःशीच म्हणाला, "जमलं गड्या!" माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

माझी पहिली नोकरी सोनगीरजवळ हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात होती. मला गल्ल्याशेजारी ठेवले होते. माझ्यात सोनेरी मासे सोडले, तळाला रंगीत खडे पसरले, वर दिवा लावला. ट्रकवाले चहाचा कप हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहत. त्यांना माझी गंमत वाटे. म्हणून कोणी बिस्किटाचा चुरा टाकी, कोणी भजी, तर कोणी विडीची राख. पाणी आंबले, मासे उताणे झाले. मालकाने मला रिकामे करून मोरीमागे ठेवले. तिथे मी दोन पावसाळे काढले.

तिथून मला पंडित सरांनी उचलले. ते धुळ्याच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत. उंच, सडपातळ माणूस, मोजके बोलणारा. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत ते शिक्षणासाठी गेले होते आणि येताना झाकणाच्या बादलीतून एक प्राणी घेऊन आले. ही १९८७ सालच्या थंडीतली गोष्ट.

त्या प्राण्याला अ‍ॅक्सोलॉटल म्हणतात. तो मासा नव्हे. बेडकाचा दूरचा नातलग आहे, पण जन्मभर पाण्यातच राहतो. अंग पांढरे, इतके पातळ कातडीचे की पोटातले काही काही बाहेरून दिसे. मानेशी दोन्ही बाजूंना लाल झालरीसारखे कल्ले. तोंडाची ठेवण अशी, की तो सारखा हसतो आहे असे वाटावे. तो हसत नव्हता, मित्रांनो. मरतानाही त्याचे तोंड तसेच होते.

प्रयोगशाळेत त्याच्या जोडीदाराने त्याचा पुढचा डावा पाय चावून तोडला होता. जखमी प्राणी त्यांना नको होता, म्हणून तो सरांना मिळाला.

सरांच्या पत्नी पुष्पाबाई. घर त्यांच्या तोंडावर चाले आणि त्यांचे तोंड कधी थांबत नसे. बादलीत डोकावून त्या म्हणाल्या, "मुंबईहून लोक साडी आणतात. तुम्ही हे आणलं?"

"गरीब प्राणी आहे," सर म्हणाले.

"हसतोय मेला माझ्याकडे बघून. हसऱ्याच म्हणा याला."

शेजारचे तोताराम नाना चष्मा पुसत आले. त्यांनी अहिराणीत विचारले, "सर, हाऊ मासा शे का सरडा?"

"दोन्ही नाही, नाना."

"मंग याले उपासले खावानं का नही, ते कसं ठरावानं?" असे म्हणून नाना स्वतःच हसत घरी गेले.

हसऱ्याला माझ्यात सोडण्याआधी सरांनी बराच विचार केला. तो विचार मी ऐकला आहे, कारण ते काम करताना पुटपुटत असत. त्यांना दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. पाणी गाळायचे कशाने, आणि माझ्या तळाला काय घालायचे.

त्या काळी दुकानात मिळे ती गाळणी म्हणजे भोकांची एक ताटली. ती तळाशी ठेवायची, तिच्यावर खड्यांचा जाड थर द्यायचा आणि हवेच्या पंपाने पाणी खड्यांतून खाली ओढायचे. घाण खड्यांत अडकते, पाणी स्वच्छ दिसते. माशांना ते चालते. पण ती गाळणी खड्यांशिवाय चालत नाही आणि हसऱ्याला खडे चालत नाहीत. हा प्राणी चावून खात नाही. भक्ष्य जवळ आले की तो एकदम तोंड उघडतो आणि पाण्याच्या ओढीबरोबर समोर असेल ते आत जाते. गांडूळ असेल तर गांडूळ, खडा असेल तर खडा. सर विद्यार्थ्यांना सांगत, "तळाचा दगड त्याच्या डोक्याहून मोठा हवा, नाहीतर पिठासारखी बारीक वाळू हवी. मधलं काही नको."

म्हणून त्यांनी माझा तळ उघडा ठेवला. काच पायाला निसरडी लागते म्हणून गुळगुळीत फरशीचा एक तुकडा टाकला. कोपऱ्यात एका नळीभोवती स्पंजाचा गोळा बांधला आणि त्या नळीला पंपाची हवा जोडली. बुडबुडे हळू वर जात आणि पाणी स्पंजातून झिरपे. त्याला जोराचा प्रवाह सोसत नाही, कल्ले पुढे वळतात. म्हणून हवेच्या नळीला सरांनी चिमटा लावला होता. आधी काही आठवडे हसऱ्याला बादलीतच ठेवून त्यांनी माझ्यात साधे गप्पी मासे ठेवले, म्हणजे स्पंजात पाणी शुद्ध करणारे जंतू वाढावेत. मग ते मासे काढले आणि हसऱ्याला सोडले. मी दिसायला ओकीबोकी होते. पण इतकी निरोगी मी कधीच नव्हते.

आता कमलविषयी सांगते.

कमल ही सरांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. गाव चोपड्याकडचे, घरी केळीचा बाग आणि गुरे. वय असेल अकराचे. मार्गशीर्ष महिन्यात तिच्या घरी कडबा कापण्याच्या यंत्रात तिचा डावा हात गेला. यंत्र तिच्या वडिलांनी, अभिमन यांनी, सुरू केले होते. ती पेंढ्या सारत होती. वडील कोणाच्या हाकेला उत्तर द्यायला वळले, एवढेच. अंगठा राहिला, चार बोटे गेली.

धुळ्याच्या दवाखान्यात टाके घातले आणि पट्टी बदलण्यासाठी ती मामाच्या घरी राहिली. घरात आली तेव्हा ती कोणाशी बोलत नव्हती. हात शालीच्या आत. जेवतानाही आत. वडील भेटायला आले की ती भिंतीकडे तोंड करून निजे. अभिमन ओसरीवर बसून राहत, पुष्पाबाईंनी दिलेला चहा गार होई आणि ते शेवटच्या एस.टी.ने परत जात.

एके दिवशी दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. बराच वेळ पाहत राहिली. मग तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"मामा, याना पाय तुटी जायेल शे."

सर पेपर तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही. "हो. चावलाय दुसऱ्यानं. पण येतोय परत. नीट बघ, कोंब दिसेल."

"परत येस?"

"या जातीचा येतो. बोटांसकट येतो."

कमलने काचेला नाक लावले. हसऱ्याच्या खांद्याशी खरोखरच एक पांढरा कोंब होता, तांदळाच्या दाण्याएवढा. ती पाहत राहिली आणि काही वेळाने तिने विचारले, "मामा, मना बोटं बी येतीन का?"

सरांचा लाल पेन थांबला. त्यांना उत्तर माहीत होते. ते देण्यासाठी त्यांनी तोंड उघडलेही. पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून पुष्पाबाई बाहेर आल्या, पोरीच्या तोंडाकडे त्यांनी पाहिले आणि सरांकडे पाहून मान हलवली.

"आधी जखम भरू दे," सर म्हणाले.

त्या संध्याकाळी कमल दोन भाकरी जेवली.

त्यानंतर तिचा दिवस माझ्यासमोर जाई. केळीच्या बुडातली गांडुळे तिचे मामा आणत, ती उजव्या हाताने एकेक सोडी. फरशीवर पडलेले गांडूळ हसऱ्या एका झेपेत ओढून घेई. कोंब लांबला, त्याला कोपर आले, मग टोक चपटे झाले आणि त्यावर दोन बारीक टेंगळे उठली. "मामी, बोटं फुटनात!" ती ओरडली. पुष्पाबाई हातातले पीठ तसेच घेऊन धावत आल्या. तोताराम नानाही आले आणि त्यांनी पेटीला हात जोडले. पुढच्या पुढार्‍याला हार घालण्याआधी याला घाला, असे ते सरांना म्हणाले. घरात हसू होते. आणि त्या हसण्यात कोणी हे बोलत नव्हते, की माणसाचे तसे नसते.

संक्रांतीला अभिमन तिळगूळ घेऊन आले. त्यांच्या खांद्यावर एक जड पिशवी होती. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि उपरण्याने तोंड पुसले.

"पोर दिनभर या पेटीफुढे बसस, पुष्पाअक्कानी सांगं," ते म्हणाले. "अन हाई पेटी कशी उघडीबोडकी. तळले काहीच नही. मी इंदूरथून मागाडं. बठ्ठासमा भारी." बठ्ठासमा म्हणजे सगळ्यांत.

पिशवीत भोकांची ताटली होती, मोठा पंप होता आणि निळे, काचेसारखे चकचकणारे खडे होते. हरभऱ्याएवढे.

सरांनी एक खडा उचलला आणि बोटांत फिरवला. "दाजी, फार खर्च केलात. पण हे..."

"तुम्हीन मना पोरले संभाळं. मी काय करं तिनासाठे?" अभिमन म्हणाले.

मित्रांनो, खानदेशात बहिणीचा नवरा म्हणजे घरचा पाव्हणा. त्याने प्रेमाने आणलेली वस्तू परत करत नाहीत, त्याच्यासमोर बाजूला ठेवत नाहीत. ठेवली तर तो त्या घरचे पाणी पीत नाही आणि ते दोन पिढ्या आठवणीत राहते. सरांना हे ठाऊक होते. पण त्यांना अडवले ते केवळ रिवाजाने नाही. निळे खडे पाहून कमल उठून आली होती. तिने पिशवीत उजवा हात घातला, मूठ भरली आणि वडिलांकडे पाहिले. "आबा, हाई बठ्ठं हसऱ्यासाठे?" त्या यंत्रानंतर ती पहिल्यांदा त्यांच्याशी बोलत होती.

सर स्वयंपाकघरात गेले. माझ्या जागेवरून तिथले बोलणे ऐकू येत असे.

"हे खडे त्याच्या तोंडात मावतात," सर हळू आवाजात म्हणाले. "जीव जाईल त्याचा."

"पाव्हना घरमा शे," पुष्पाबाई म्हणाल्या. घरचे कोणी आले की त्या अहिराणीत बोलत. "तो घरमा शे तोवर नही म्हनशात तर त्याले काय वाटी? बाप-लेक बोली रायनात तिकडे. बोलू द्या. तो गया का काढी टाका."

"दोन दिवसांनी काढतो," सर म्हणाले.

माझा स्पंज काढला. ताटली बसवली, खडे धुऊन पसरले. बाप आणि मुलगी दोघांनी मिळून ते सारखे केले. अभिमन दोन्ही हातांनी, कमल एका हाताने. दिवा लावल्यावर मी निळी झाले. तोताराम नाना म्हणाले, "आते दिसस खरी पेटी! सर, तुम्हीन तर तिले दवाखानानी बाटली करी टाकेल व्हती." सगळे हसले. अभिमनही हसले. हॉटेल सुटल्यापासून मी इतकी सुंदर कधी दिसले नव्हते आणि कोणाला इतकी घातकही नव्हते.

अभिमन गेले. दोन दिवस झाले. सर बाही वर करून माझ्यापाशी आले, तेव्हा कमल म्हणाली, "मामा, आबा येतीन तवय हाई असंच ऱ्हावू द्या ना." सर थांबले. खडे काढायचे तर खालची सगळी घाण पाण्यात उठणार, हसऱ्याला दुसरीकडे ठेवावे लागणार, हेही त्यांनी स्वतःला सांगितले. बाही खाली घेतली. गांडूळ खड्यांवर पडू नये म्हणून त्यांनी कमलला चिमटा दिला. चिमट्यात धरून थेट तोंडाशी न्यायचे, असे शिकवले. खाली का पडू द्यायचे नाही, ते मात्र सांगितले नाही. सांगितले असते तर खडे कोणी आणले, हा प्रश्न आला असता.

चिमटा एका हाताने धरायचा असतो. गांडूळ वळवळते, ते चिमट्यात धरायला दुसरा हात लागतो. एका सकाळी ते निसटून खड्यांत पडले. हसऱ्या वळला. तोंड उघडले आणि गांडूळ, पाणी, खडे एकदम आत गेले.

"मामा, त्यानी खडा गिळी टाका," कमल म्हणाली. तिला त्यात भिण्यासारखे काही वाटले नाही. पण सर इतक्या घाईने आले की खुर्ची पडली.

त्याच्या पांढऱ्या पोटातून निळा रंग दिसत होता.

सरांनी त्याला परातीत माठाच्या गार पाण्यात ठेवले. गार पाण्यात कधीकधी गिळलेले बाहेर पडते. पडले नाही. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर सायकलवर आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "सर, मी म्हशीच्या पोटातनं खिळा काढलाय. याच्या पोटात माझं बोटसुद्धा जायचं नाही." हसऱ्याने खाणे सोडले. तो परातीच्या कडेशी तिरका तरंगू लागला. नव्या पायाला तीन बोटे आली होती आणि चौथ्या, शेवटच्या बोटाचे टेंगूळ दिसत होते. कमल परातीजवळच बसून असे. तिची नजर त्याच्या पोटावर नसे, पायावर असे.

चौथे बोट आले नाही. एका सकाळी तो उताणा झाला होता. सरांनी त्याला परसात, जास्वंदीच्या आळ्यात पुरले.

त्याच दुपारी अभिमन आले. जखम भरली होती, कमलला गावी न्यायचे होते. येताना त्यांनी केळीचा घड आणला होता. माझ्यात पाणी होते, दिवा होता, निळे खडे होते. बाकी काही नव्हते.

"हसऱ्या कोठे गया?" त्यांनी विचारले.

पुष्पाबाई पाणी आणायला आत गेल्या. सर म्हणाले, "गेला, दाजी. यंदा थंडी फार. थंडी बाधली त्याला."

कमल उंबऱ्यावर बसली होती. ती म्हणाली, "थंडी नही बाधनी. खडा गिळीसन मरी गया."

अभिमन यांनी खड्यांकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे.

"मामा," कमल म्हणाली, "खडा गिळा तर तो मरी, हाई तुम्हले माहीत व्हतं?"

ती वाट पाहत राहिली. लहान मूल वाट पाहते तेव्हा मोठ्या माणसाला खोली लहान पडते. शेवटी ते म्हणाले, "हो. माहीत होतं."

"मंग मना बोटंनं बी तुम्हले माहीत व्हई."

सर तिच्यासमोर खाली बसले. "नाही येणार, कमल," ते म्हणाले. "माणसाची येत नाहीत. मला पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं."

ती रडली नाही. तिने शाल काढली, घडी घालायला मांडीवर घेतली आणि डावा हात सगळ्यांसमोर बाहेर आला. लाल, तुकतुकीत, एका अंगठ्याचा. त्या हाताने शाल दाबून धरून तिने उजव्याने घडी घातली. अभिमन पुढे झाले, तेव्हा तिने मान हलवली. "मी करस," ती म्हणाली. पुष्पाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभ्या होत्या. अभिमन यांनी पाणी घेतले नाही. त्या घरचे पाणी त्यांनी पुढेही घेतल्याचे मी पाहिले नाही.

ताठरलेली कातडी दाखवायला कमल पुढे कितीदा तरी धुळ्याला आली. मामाच्याच घरी उतरे. मामीला एका हाताने कणीक मळून दाखवी, नानांशी थट्टा करी. मामाशी नीट बोले. पण त्यांना तिने पुन्हा काही विचारलेले मला आठवत नाही. जे विचारायचे ते ती डॉक्टरांना विचारी आणि उत्तर ऐकल्यावर म्हणे, "खरं सांगा."

माझ्यात नंतर कोणी राहिले नाही. लांबी वाळून तडकली. सर निवृत्त झाले तेव्हा मला गच्चीवर नेऊन ठेवले आणि मी अजून तिथेच आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी मुका प्राणी येईल. त्याची पेटी कशी दिसते हे पाहुण्यांना पाहू द्या. तुम्ही त्याचे तोंड पाहा. त्यात काय मावते आणि काय बाहेर येऊ शकत नाही, ते आधी पाहा आणि मग तळाला हात लावा. देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून दोन दिवस थांबू नका. पाहुण्याचा राग माणूस सोसतो, हसऱ्याला खडा सोसला नाही. आणि कोणी लहान तुम्हाला काही विचारील, उत्तर तुम्हाला ठाऊक असेल आणि ते कडू असेल, तर ते त्याच दिवशी द्या. उशिरा दिलेल्या उत्तरानंतर ते मूल तुमच्याकडे येईल, बसेल, जेवेल. विचारायला मात्र येणार नाही.